नाटक सुटतं किती वाजता?

एका नव्या नाट्यगृहाच्या प्रस्तावावर बैठकांमागून बैठका झाल्या होत्या, पण नाटक सुटतं किती वाजता हा प्रश्न एकाही बैठकीत निघाला नव्हता. प्रेक्षक येणार कसे यावर भरपूर चर्चा झाली. ते गाड्या कुठे लावणार यावर तर त्याहून जास्त. एकदा निम्मा दिवस दुसऱ्या तळघराच्या उतारावर गेला, कारण कुणाची तरी मोठी एसयूव्ही खाली घासेल अशी शंका निघाली. हजार माणसं एका वेळी बाहेर कशी पडणार आणि घरी कशी जाणार, याबद्दल मात्र सगळे गप्प. जणू पडदा पडला की प्रेक्षक विरघळून जातात.

मी वाहतूक नियोजनाचं काम करतो. पुण्याच्या मध्यवस्तीत एक नवं रंगसंकुल उभारायचा प्रस्ताव आहे. हजार आसनांचं मोठं नाट्यगृह, प्रायोगिकांसाठी एक छोटा रंगमंच, वर खाण्यापिण्याची ठिकाणं, खाली दोन मजली पार्किंग. जागेचं नाव सांगत नाही, कारण सगळं अजून कागदावर आहे आणि माझं बिलही अजून यायचं आहे. माझ्याकडे आलं ते वाहतूक परिणामांच्या अहवालाचं काम, ज्याला आमच्यात नुसतं ‘टीआयए’ म्हणतात.

टीआयए म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आजूबाजूच्या चौकांत पोरं उभी करून वाहनं मोजायची. प्रत्येक वाहनाला पीसीयूचा भाव लावायचा, म्हणजे एका मोटारीइतकी जागा खाणाऱ्या वाहनाचा भाव १. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या तक्त्यात दुचाकी अर्धी ते पाऊण, रिक्षा १.२ ते २, बस २.२ ते ३.७. मग नव्या इमारतीमुळे वाढणाऱ्या गाड्या त्यात मिळवायच्या आणि चौकाची ‘सेवा पातळी’ काढायची: ‘ए’ सगळ्यांत चांगली, ‘एफ’ सगळ्यांत वाईट. आधीच ‘ई’ असलेला चौक नंतरही ‘ई’च राहतो, आणि ‘लक्षणीय परिणाम नाही’ असं लिहून सही होते. त्या तक्त्यात सायकलरिक्षा आहे, टांगा आहे, हातगाडीसुद्धा आहे. चालणारा माणूस नाही. त्याच्यासाठी वेगळं पुस्तक आहे, आयआरसी १०३. आमच्या ऑफिसात १९९० च्या तक्त्याच्या झेरॉक्सच्या पार चिंध्या झाल्यात, आणि १०३ ची प्रत अजून कोरी करकरीत आहे. यावरून काय ते समजा.

माझ्या हातात आलेल्या मसुद्यात आधीच्या सल्लागारांनी एक आकडा लिहून ठेवला होता: ४० टक्के प्रेक्षक मेट्रोने येतील. आधार काय, तर भूखंड स्टेशनपासून ४२० मीटरवर आहे. हे ४२० मीटर कसे मोजतात, तर नकाशावर स्टेशनवर कंपासचं टोक टेकवून. सरळ रेषा. कारण ५०० मीटरच्या वर्तुळात भूखंड पडला की मेट्रोलगतच्या विकासाचं धोरण लागू होतं आणि एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, चारपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ते वर्तुळ काढलं जातं बांधकाम किती करता येईल हे ठरवायला. माणूस त्या रेषेवरून चालू शकतो की नाही, हे कंपासला कळायचं कारण नाही.

तर त्या दिवशी संयुक्त पाहणी होती. सकाळी अकराची वेळ, म्हणजे साडेअकरा. वास्तुविशारद, त्यांचे दोन सहायक, विकसकाकडचे एक साहेब, संबंधित कार्यालयातले दोन अभियंते, वाहतूक शाखेचे एक हवालदार, मी आणि आमच्या ऑफिसातली ज्युनिअर. जागा पाहून झाली, नारळपाणी झालं. मग कुणीतरी म्हणालं, आता स्टेशन बघून घेऊ. आणि सगळे आपापल्या गाड्यांकडे वळले.

मी म्हटलं, ‘‘सर, चालतच जाऊ ना. चारशे मीटर तर आहे.’’

विकसकाकडचे साहेब म्हणाले, ‘‘अहो, उन्हातून कशाला? जवळच आहे, गाडीतून दोन मिनिटांत पोचू.’’

‘‘वॉकेबल सिटी’’ असा शब्द असलेलं प्रेझेंटेशन याच गृहस्थांनी दाखवलं होतं. त्यातल्या चित्रात फुटपाथवरून गोरी माणसं फुगे घेऊन चालली आहेत. आपल्याकडच्या संगणकी चित्रांत माणसं कुठून आयात करतात हे मला कधी कळलेलं नाही, पण त्या फुटपाथवर एकही टपरी नसते, एकही दुचाकी उभी नसते, एवढं नक्की.

ते गाडीतून गेले. मी, ज्युनिअर आणि हवालदार चालत निघालो. हवालदार आपण होऊन आले. म्हणाले, ‘‘चला, मी पण येतो. गाडीत बसून काय दिसणारे?’’ त्या दिवसातलं हे पहिलं शहाणं वाक्य.

ज्युनिअरच्या हातात मोजायचं चाक होतं, माझ्याकडे टेप. या कामात मला खरंच मजा येते, त्यामुळे थोडं पाल्हाळ लावतो. आराखड्यात फुटपाथ १.८ मीटरचा. आयआरसीच्या पुस्तकात किमान तेवढाच मोकळा लागतो, म्हणजे कागद बरोबर. जागेवर पहिल्या पन्नास पावलांत विजेचा डीपी लागला. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये टेप धरला: ७० सेंटिमीटर. पुढे झाडाचा पार, त्यावर तीन आजोबा आणि एक कुत्रं. मग जाहिरातफलकाचा खांब. मग एका सोसायटीचं फाटक, तिथे गाड्यांसाठी फुटपाथ उतरवलेला आणि पलीकडे परत चढवलेला. आयआरसी सांगतं की फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. इथे ती जिन्याच्या दोन पायऱ्यांएवढी होती. ज्यांनी हे बांधलं त्यांचे गुडघे चांगले असणार. पुढे चेंबरचं झाकण चार बोटं वर आलेलं, आणि शेवटी दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लावलेले बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, ज्यांच्यामधून स्कूटर आरामात जाते आणि व्हीलचेअर अडकते.

हे असंच असतं, असं कुणी म्हणेल. पण ते तसं असायलाच हवं असं नाही. याच शहराने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावरचा फुटपाथ बघा: रुंद, सपाट, बसायला जागा. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला गाड्या बंद करून पादचारी दिन साजरा होतो आणि लोक रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढतात. म्हणजे कसं करायचं ते आपल्याला माहीत आहे. ते जमतं कुठे, तर जिथे कुणीतरी मागे लागून करून घेतं. आमच्या भूखंडाच्या गल्लीच्या मागे कुणीच लागलेलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढे होती. गल्लीच्या टोकाला एका संस्थेचं आवार लागतं. आवाराच्या एका फाटकातून आत शिरायचं, आतल्या रस्त्याने पलीकडच्या फाटकातून बाहेर पडायचं, की समोर स्टेशनचा जिना. आजूबाजूचे लोक वर्षानुवर्षं असेच जातात. मसुद्यातल्या नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दाखवलेला ‘पादचारी मार्ग’ तो हाच. चाकाने अंतर भरलं ५१० मीटर. ठीक आहे, म्हटलं, फार वाईट नाही.

हवालदार फाटकावरच्या वॉचमनशी बोलत उभे राहिले होते. त्यांनी तिथूनच हाक मारली, ‘‘साहेब, हे ऐका जरा.’’

वॉचमन म्हणाला, ‘‘आठला कुलूप लागतं. आणि रविवारी दिवसभर बंद.’’

‘‘मग लोक काय करतात?’’

‘‘वळसा.’’

आम्ही वळसा मोजला. मोठ्या रस्त्याने, दोन चौक घेऊन, ९३० मीटर. ज्युनिअरने वहीत आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं. मराठी नाटकाचा धंदा शनिवार-रविवारवर चालतो. आणि आठनंतर सुटणारा प्रत्येक प्रयोग त्या कुलपाच्या पलीकडचा. म्हणजे ४० टक्के प्रेक्षकांचा जो हिरवा मार्ग अहवालात छापून आला होता, तो नाटकवाल्यांना लागेल तेव्हा बंद आणि लागणार नाही तेव्हा उघडा.

संस्थेचं चुकलं असं मला वाटत नाही. जागा त्यांची आहे, रात्री आवारात कोण फिरतं याची जबाबदारी त्यांची. पण ज्याने तो हिरवा ठिपका काढला, त्याने तिथे एकदा संध्याकाळी जाऊन यायला काय हरकत होती? मार्ग नकाशावरून काढायचा, वेळ नकाशाला नसतेच, आणि मग फाटक हे फक्त रेघेतली एक फट दिसते.

त्याच संध्याकाळी आमचा काउंट होता. नव्या नाट्यगृहासाठी आकडे लागतात, आणि ते नसलेल्या इमारतीतून मिळत नाहीत. म्हणून शहरातल्या एका चालू नाट्यगृहाच्या बाहेर पॉलिटेक्निकची चार पोरं हातात टॅली काउंटर देऊन उभी केली होती. नाट्यगृहात प्रयोगांच्या वेळा ठरलेल्या: दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. आम्हाला हवी होती ती साडेपाचचा प्रयोग सुटून साडेनऊचा सुरू व्हायच्या मधली वेळ.

नाटकाला येणारी गर्दी आणि जाणारी गर्दी या दोन वेगळ्या जाती आहेत. येणारी माणसं पाऊणएक तासात पसरून येतात. कुणी तासभर आधी येऊन बटाटेवडा खातो, कुणी तिसरी घंटा झाल्यावर अंधारात दुसऱ्यांच्या पायांवरून खुर्ची शोधतो. जाणारी मात्र एकदम. राष्ट्रीय इमारत संहितेत दारांचा हिशोब चोख आहे: सपाट मार्गासाठी माणशी साडेसहा मिलिमीटर. हजार माणसांना साडेसहा मीटर रुंदीची दारं. अग्निशमनवाले हे तपासल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण हा हिशोब इमारतीपुरता. पार्किंग आसनसंख्येवर ठरतं, प्रसाधनगृहं आसनसंख्येवर ठरतात, बाहेरचा फुटपाथ कशावरच ठरत नाही. साडेसहा मीटरच्या दारांतून हजार माणसं काढायची आणि ७० सेंटिमीटरच्या बोळात सोडायची, यात नियमभंग कुठेही नाही.

गर्दीच्या वाहण्याचा एक आकडा आमच्याकडे वापरतात: सपाट जागेवर एका मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं. तो ब्रिटनमधल्या मैदानांच्या सुरक्षेच्या मार्गदर्शिकेतला आहे. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ६६ माणसं चेंगरून मेली, त्यानंतर ती मार्गदर्शिका निघाली. ती माणसं सामना बघताना मेली नाहीत. सामना संपल्यावर बाहेर पडताना जिन्यात मेली. आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले. तेव्हा पाऊस होता, लोक जिन्याच्या तोंडाशी थांबले होते आणि मागून लोकलमधून माणसं येतच राहिली. हे दोन आकडे माझ्या डोक्यात कायम असतात, त्यामुळे संध्याकाळी सव्वाआठला भुरभुर सुरू झाली तेव्हा मी जरा पुढे जाऊन उभा राहिलो.

साडेआठच्या आत पडदा पडला. पहिली माणसं भराभर निघाली, त्यांना दुचाकी काढायची होती. मग मुख्य लोंढा आला आणि पोर्चच्या कडेला येऊन थांबला. बाहेर पाऊस, छत्र्या उघडायच्या, रिक्षाच्या अ‍ॅपवर बोट फिरवायचं, ‘‘तू कुठेयस? मी गेटपाशी आहे’’ असं फोनवर सांगायचं, जेव्हा गेटपाशी पाचशे माणसं असतात. तळघरातून दुचाकींची रांग वर येऊन फुटपाथ आडवा कापत होती. पार्किंगचा पोरगा शिट्टी फुंकून गाड्यांना वाट करून देत होता, आणि माणसांना हाताने मागे लोटत होता. माणसांसाठी शिट्टी कुणी फुंकत नव्हतं.

आणि त्यात टेम्पो आला.

बाहेरच्यांना हे माहीत नसतं. साडेपाचच्या नाटकाचा सेट सुटून टेम्पोत जायचा आणि साडेनऊच्या नाटकाचा सेट उतरून लागायचा, हे सगळं मधल्या तासाभरात. म्हणजे प्रेक्षक बाहेर पडतात त्याच मिनिटाला एक टेम्पो निघायच्या घाईत असतो आणि दुसरा आत यायच्या. या नाट्यगृहात मागच्या दाराकडे जायची गल्ली आणि पायी जाणाऱ्यांची बसस्टॉपची वाट एकच आहे. टेम्पो रिव्हर्समध्ये आत घेत होते. मागच्या फळीवर उभा बॅकस्टेजचा पोरगा पत्र्यावर थापा मारत ओरडत होता, ‘‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे...’’ त्याचं लक्ष एका बाजूच्या भिंतीवर. दुसऱ्या बाजूने सत्तरीच्या पुढचं एक जोडपं एका छत्रीखाली चाललं होतं. छत्री मागच्या बाजूला कललेली, त्यामुळे त्यांना टेम्पो दिसत नव्हता आणि टेम्पोवाल्याला ते.

मी ओरडलो, पण पावसात कुणी ऐकलं नाही. नाट्यगृहाचा डोअरकीपर, पांढऱ्या मिशांचे एक काका, ते पायऱ्या उतरून गेले आणि टेम्पोच्या मागे सरळ जाऊन उभे राहिले. हात वर केला नाही, ओरडले नाहीत. पाठ टेम्पोकडे, तोंड जोडप्याकडे. ‘‘या आजी, इकडून या,’’ म्हणून त्यांना कडेला घेतलं. पोरगा थापा मारायचा थांबला, टेम्पो थांबला. मग काका बाजूला झाले आणि परत दारावर जाऊन पुढच्या प्रयोगाची तिकिटं फाडायच्या तयारीला लागले.

मी त्यांना विचारलं, ‘‘काका, हे रोजचं आहे?’’

‘‘शनिवार-रविवार. दोन्ही प्रयोग भरले की असतंच.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘तुम्ही मोजताय ना? टेम्पो पण मोजा.’’

मी आमच्या तक्त्यात बघितलं. टेम्पोसाठी रकाना होता. चौकातून जाणाऱ्या टेम्पोसाठी. उलट्या येणाऱ्यासाठी नव्हता.

घरी जाऊन मी नव्या संकुलाचा आराखडा उघडला. सेट उतरवायचा धक्का कुठे ठेवलाय? मेट्रोच्या बाजूच्या गल्लीत. म्हणजे नेमक्या हिरव्या ठिपक्यांवर.

पुढच्या बैठकीत मी चार मुद्दे एका पानावर नेले. मोठे अहवाल कुणी वाचत नाही, हे एव्हाना शिकलोय. पहिला मुद्दा फाटकाचा. दुसरा धक्क्याचा. तिसरा मोकळ्या फुटपाथचा: ४० टक्के म्हणजे ४०० माणसं ७० सेंटिमीटरच्या बोळातून काढायची तर अगदी आदर्श परिस्थितीत सात मिनिटं लागतील, आणि आदर्श परिस्थितीत समोरून साडेनऊच्या प्रयोगाला कुणी येत नसतं. चौथा मुद्दा वेळेचा. रात्रीचा प्रयोग साडेनऊचा, म्हणजे पावणेदहाला पडदा वर जाणार, सव्वाबाराच्या सुमाराला सुटणार. मेट्रोची शेवटची गाडी अकराच्या आसपास. मध्यंतरातला चहा संपवून लोक दुसऱ्या अंकाला बसतात, तोवर ४० टक्क्यांची मेट्रो निघून गेलेली असते. पीएमपीच्या रातराणी बस मोजक्याच मार्गांवर.

यातच सिग्नलचाही एक मजेदार प्रकार आहे. क्रॉसिंगला सिग्नल हवा का, हे ठरवायला पीव्ही-वर्गाचं सूत्र आहे: गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर गेलं की नियंत्रित क्रॉसिंग द्यायचं. संध्याकाळी ३०० माणसं आणि २,००० वाहनं धरा, उत्तर १२० कोटी. सिग्नल मंजूर. मध्यरात्री नाटक सुटल्यावर ८०० माणसं आणि ३०० वाहनं धरा, उत्तर ७ कोटी २० लाख. सिग्नलची गरज नाही. माणसं अडीचपट, तरी गरज नाही, कारण वर्ग वाहनांचा होतो. आणि त्या तीनशे गाड्या रिकाम्या रस्त्यावर कशा जातात ते मध्यरात्री चौकात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळसाठी बसवलेला सिग्नलही तोवर ब्लिंकरवर गेलेला असतो, नुसता पिवळा लुकलुकत.

वास्तुविशारदांनी धक्क्याचा मुद्दा लगेच मानला. ‘‘हे आपण फ्लिप करू,’’ म्हणाले, आणि तिथल्या तिथे पेन्सिलने धक्का दुसऱ्या बाजूला नेला. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. मग लक्षात आलं की चारांपैकी ज्या एका मुद्द्याला भूखंडाच्या हद्दीबाहेर कुणाशी बोलावं लागत नाही, तो हाच.

फाटकावर चर्चा सुरू झाली आणि तिथेच रुतली. विकसकाचं म्हणणं, संस्थेशी बोलणं हे प्रशासनाचं काम. अभियंत्यांचं म्हणणं, खासगी आवारातल्या वाटेबद्दल आम्ही कसं लिहिणार, प्रकल्प तुमचा आहे. संस्थेला मी अनौपचारिक विचारलं होतं, ते म्हणाले लेखी द्या, विश्वस्तांपुढे ठेवू, पण दिवे आणि रखवालदाराचा खर्च कोण करणार ते आधी सांगा. रास्त प्रश्न. त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

आणि वेळेच्या मुद्द्यावर ते घडलं, ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो.

बैठकीला एक नाट्यव्यवस्थापक बोलावले होते, या धंद्यात आयुष्य काढलेले. ते हसले. म्हणाले, ‘‘अहो, रात्रीच्या प्रयोगाचं एवढं काय घेऊन बसलात? रात्री आता येतो कोण? निर्माते रात्रीची तारीख घ्यायलाच बघत नाहीत. पाच-दहा वर्षांत साडेनऊचा प्रयोग राहणारच नाही.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. विकसकाकडचे साहेब तर खूश झाले. प्रश्नच मिटला. रात्रीचा प्रयोगच नसेल तर रात्रीची मेट्रो, रात्रीचं फाटक, रात्रीचा सिग्नल, काहीच नको.

मी विचारलं, ‘‘का येत नाहीत?’’

‘‘जायचं कसं घरी?’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या लहानपणी लोक पेठांतच राहायचे. भरत नाट्य मंदिरात नाटक सुटलं की गप्पा मारत चालत घरी. आता प्रेक्षक राहतो सिंहगड रोडला, नाहीतर पार वाकडला. म्हाताऱ्या माणसांना रात्री गाडी चालवता येत नाही, रिक्षा मिळत नाही, मुलं म्हणतात आई, रात्रीचं जाऊ नकोस.’’

म्हणजे रात्री घरी जाता येत नाही म्हणून प्रेक्षक येत नाहीत, आणि प्रेक्षक येत नाहीत म्हणून रात्री घरी जायची सोय करायचं कारण नाही. त्यांनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि त्यात काही विपरीत आहे असं टेबलाभोवती कुणालाच वाटलं नाही. पुढचा विषय सुरू झाला, तळघराच्या उताराचा.

मला हे सोडवत नाही. आमची सगळी विद्या मोजण्यावर उभी आहे, आणि मोजतो आम्ही त्यांना, जे आले. नाट्यगृहाच्या दारात टॅली काउंटर घेऊन उभं राहिलं की ज्यांच्याकडे गाडी आहे, ज्यांना सोडायला-न्यायला कुणी आहे, ज्यांचे गुडघे धड आहेत, असेच लोक समोरून जातात. त्यांना विचारलं, ‘कसे आलात?’ तर ते म्हणतात ‘गाडीने’, आणि आम्ही लिहितो: प्रेक्षक गाडीने येतात, पार्किंग वाढवा. एकटी बाई, जिने सव्वाबाराला रस्त्यावर रिक्षा शोधायची नाही म्हणून नाटकच सोडलं, ती आमच्या कुठल्या रकान्यात येते? ते छत्रीतलं जोडपं पुढच्या वेळी येईल का? नाही आलं, तर आकड्यात फक्त दोन कमी होतील, आणि त्या दोनांचं कारण कुठेच नोंदलं जाणार नाही. पूल बांधायचा की नाही हे नदी पोहून येणाऱ्यांची संख्या मोजून ठरवावं, तसा हा प्रकार.

बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यात लिहिलंय: ‘पादचाऱ्यांच्या सोयीसाठी माल-धक्क्याची जागा बदलण्यात आली असून पादचारी व्यवस्था पुरेशी आहे.’ मी उत्तर पाठवलंय की पहिला भाग बरोबर, दुसरा माझ्या सहीने जाणार नाही. त्यावर फोन आला की एवढं काय ताणताय. मी म्हटलं, ‘पुरेशी’च्या जागी ‘फाटक उघडं राहील या अटीवर’ एवढंच घाला. विचार करून सांगतो म्हणाले.

दरम्यान ज्युनिअरने एक फॉर्म केलाय. एकच पान, मोठ्या अक्षरात. पहिला प्रश्न: शेवटचं नाटक कधी पाहिलंत? दुसरा: रात्रीचा प्रयोग कधी सोडलात, आणि का? तिचं म्हणणं, हा सर्व्हे नाट्यगृहात करायचाच नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयं, बायकांच्या भिशीचे गट, होस्टेलं, जिथे न येणारे सापडतील तिथे. कल्पना मला पटली. विकसकाकडच्या साहेबांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘हे आपल्या स्कोपमध्ये आहे का? नाही म्हणजे, बिल कुणाच्या नावावर करणार?’’

बिलाचं अजून ठरलेलं नाही. फॉर्म छापून आलेत. पहिली वेळ मिळालीय ती एका नागरिक संघाची, सकाळी सातची.